व्हिसा माझा, धावपळ मावसाजींची

स्वतःचा पासपोर्ट नसताना परक्या देशाचे नियम घरचं लग्नकार्य असल्यासारखे अंगावर घेणारा माणूस जगात एकच : माझे मावसाजी. मौद्याहून नर्सिंग शिकायला मी नागपुरात आले ती त्यांच्याच घरी. मावशी गेली, पुढे मावसाजींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना उठवण्या-बसवण्यापासून सगळं माझ्याकडे आलं. ते बघूनच त्यांच्या डोक्यात आलं. "म्हाताऱ्याचं इतकं चांगलं करतं तू, विलायतेत याचीच नोकरी भेटते वं." मी गेले तर त्यांचं कोण करणार, असं विचारलं की ते पेपर उघडून बसत.

रोज सकाळी ते मोबाईलवर विलायती सरकारचे नियम वाचत. बाहेरून येणाऱ्या केअररना, म्हणजे म्हाताऱ्यांचं करणाऱ्यांना, यापुढे नवरा-मुलं सोबत आणता येणार नाहीत, असा नियम निघाला. तिकडे मौद्याला माझी आई माझं लग्न जमत नाही म्हणून देव पाण्यात घालून बसलेली आणि इकडे या गृहस्थांनी काठी टेकत गल्लीत संत्रा बर्फी वाटली. "बरं झालं बाई, तुह्यं जमलं नाही." व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते म्हटल्यावर तर त्यांनी मला फोनवरूनच मौद्याच्या बसमधून खाली उतरवलं. का, तर मागच्या सीटवरचे गृहस्थ खोकलेले त्यांना ऐकू आले.

मुलाखतीची तालीम वऱ्हांड्यात होई. बनियनवर टाय लावून ते विचारत, "म्हाताऱ्यानं जेवाले नाही म्हटलं तर?" मी म्हणायची, "आग्रह करीन." "फेल. तिकडं नाही म्हणजे नाही." मग त्याचा सराव जेवणाच्या वेळी. मी ताट मांडलं, मावसाजी गोऱ्या म्हाताऱ्याच्या तोऱ्यात म्हणाले, "नाही, पोट भरलं." मी ताट उचललं. आता आपल्याकडे पहिल्या खेपेला हो म्हणणारा हावरट ठरतो. मावसाजी आयुष्यभर तिसऱ्या आग्रहाला पाघळत आलेले. ते ताटाकडे टकमक बघत राहिले. मला हसूही येईना. "वाढू का हो?" म्हटलं, तर म्हणाले, "वाढशीन तर फेल करीन." आणि खरोखर उपाशी झोपले.

मुलाखतीत नेमका तोच प्रश्न आला. कारण विचारीन, मर्जी राखीन, थोड्या वेळानं पुन्हा विचारून बघीन, असं मी घडाघडा सांगितलं. नोकरी मिळाली, व्हिसाही आला आणि मला रडू फुटलं. "मी नाही जात. तुमचं कोण करन?"

"माह्यासाठी इथं माणूस भेटन," ते म्हणाले. "तुले हा व्हिसा पुन्हा नाही भेटन. दार लावून राहिले ते लोक."

झालंही तसंच. मी इथे आल्यावर काही दिवसांनी सरकारने बाहेरून नवे केअरर घेणं बंदच केलं. आज माझ्या घराला जे काही बरे दिवस आलेत, ते या माणसामुळे. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आता कुही गावची एक मुलगी त्यांचं सगळं करते. नर्सिंग शिकलेली, हाताला गुण असलेली. तिच्या भरवशावर मी इकडे निर्धास्त. परवा फोन केला तर तिनंच उचलला. "ताई, नंतर बोलता का? आबा शिकवून राहिले." मागून मावसाजींचा खणखणीत आवाज येत होता, कुठल्याशा अगम्य भाषेत. मी त्यांनाच फोन द्यायला सांगितलं.

"विलायत बंद झाली म्हणून जर्मनीचं पाहून राहिलो," ते म्हणाले. "आधी ते भाषा मांगतात. पोरगी हुशार आहे वं. माह्यापायी काहून अडकून राहावं तिनं?"

तिच्यानंतर कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही.