पालथ्या फरश्यांचा ओटा

"काकू, माय गेली," एवढंच माझा पुतण्या महेश फोनवर म्हणाला. मी बीडला होते. मिळेल त्या एसटीने पाटोदा गाठलं, गल्लीच्या तोंडाशी आले आणि समोर पाहिलं तर त्याची माय, आमच्या अक्का, ओट्यावर बसलेल्या... आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती लावून, हातात इष्टलिंग देऊन त्यांना बसवलं होतं. एरवी बसायच्या तशाच, ताठ. शेजारची रहिमतबी माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडताच म्हणाली, "देखो माँ, अब्बी बी वटे पर से उठी नै." मला त्या गर्दीत हसू फुटलं. हसले, आणि मग मात्र रडू आवरेना.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. शोकसभेत कोणी एक पुढारी त्यांना "सोशिक माउली" म्हणाले. त्यांचं भाषण संपेपर्यंत मी कसाबसा दम धरला. सोशिक? अहो, अक्का आणि सोशिक! त्यांनी काय काय खपवून घेतलं नाही, ते या गृहस्थांना गल्लीतल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण बायांना विचारतो कोण? म्हणून हे लिहायला बसले.

थोरले भाऊजी अचानक गेले तेव्हा अक्कांचे केसही पिकले नव्हते. सासूबाईंनी त्यांना माजघरातला कोपरा दाखवला. नवरा गेलेल्या बाईने समोरच्या ओट्यावर बसायचं नाही, सकाळी सकाळी जाणाऱ्या-येणाऱ्याला तोंड दाखवायचं नाही, अशी त्यांची शिस्त. अक्कांनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी सूपभर तूरडाळ घेऊन त्या बाहेर आल्या आणि ओट्याच्या मधोमध बसून निवडायला लागल्या. सासूबाई दारातून ओरडल्या, "आत ये आधी. लोक बगायलेत!" अक्कांनी मानही वर केली नाही. "बगू द्या की. आमी बी बगायलोत त्यांना." त्या दिवसापासून ओटा त्यांचा झाला. हळूहळू गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कोणी गवार मोडायला, कोणी सासूचं गाऱ्हाणं सांगायला, कोणी नुसतंच पाय पसरायला. पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, पानाचा ठेला आहे. आम्हाला उघड्यावर पाय पसरायला तेवढा एक ओटा होता.

पण ओटाही थकला. खालचा भराव खचला, शहाबादी फरश्या डुगडुगायला लागल्या, आणि इतक्या जणींच्या पायांनी त्या गुळगुळीतही झाल्या होत्या. रहिमतबी एकदा घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. महेशला, म्हणजे अक्कांच्या मुलाला, निमित्तच मिळालं. त्याला तिथे चकचकीत टाईल्स बसवायच्या होत्या आणि पुढून ग्रिल लावून ओटा बंद करायचा होता. "कावून बसायचं बाहेर, माय? आत सोफा हाय की." अक्का म्हणाल्या, "सोफ्यावर बसून गल्ली दिसती व्हय रे?" विषय तिथेच मिटला असं मला वाटलं होतं.

पुढे अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे बीडला आल्या आणि इकडे महेशने काम काढलं. रहिमतबीने फोन करून चुगली केली. अक्कांनी काळा चष्मा चढवला आणि पायात चपला घातल्या. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं. ते मी सांगून पाहिलं, मग निमूट पिशवी उचलून त्यांच्यामागे निघाले. पोचलो तर निम्म्या ओट्यावर टाईल्स बसल्या होत्या, तोंड पाहून घ्यावं अशा. जुन्या फरश्या नालीच्या कडेला रचून ठेवलेल्या. अक्कांनी मला बादलीभर पाणी आणायला सांगितलं आणि टाईल्सवर ओतायला लावलं. मग महेशला म्हणाल्या, "चाल."

"माय, लोक बगायलेत."

"बगू दे. चाल."

महेशने एक पाय टाकला, दुसरा टाकायच्या आत पहिला सटकला आणि तो खांबाला मिठी मारून उभा राहिला. रहिमतबी तोंडाला पदर लावून हसत होती. "तू लेका जवान गडी," अक्का म्हणाल्या, "तुला खांब लागला. आमी म्हाताऱ्यांनी कशाला धरायचं?"

महेशही हट्टी, शेवटी त्यांचाच मुलगा. म्हणाला, जुन्या फरश्याही तशाच गुळगुळीत आहेत, रहिमतबी त्यांच्यावरूनच पडली ना? हे खरं होतं. अक्कांनी नालीकडेला जाऊन एका फरशीवरून हात फिरवला, नंतर तिच्या पाठीवरून फिरवला. "पालथ्या घाला," त्या गवंड्याला म्हणाल्या. गवंडी भडकला. पाठ ओबडधोबड असते, दगडाला दगड मिळत नाही, लोक माझ्या कामाला नावं ठेवतील! "माजं नाव सांग त्यास्नी," अक्का म्हणाल्या. बसवलेल्या टाईल्स उचकटल्या, भराव नव्याने ठोकला, पाण्याला रस्त्याकडे ढाळ दिला आणि सगळ्या फरश्या पालथ्या बसल्या. गल्ली त्याला अजून 'उलटा वटा' म्हणते. दिसायला तो वाईटच आहे. पण त्यावरून पुन्हा कोणी घसरलं नाही.

परवा मी पुन्हा पाटोद्याला गेले. ओटा रिकामा होता. बायका कोपऱ्यापर्यंत यायच्या, बघायच्या आणि परत फिरायच्या. अक्का नाहीत, तर आता कोणाच्या जिवावर बसायचं, असं त्यांना वाटत असावं. आणि महेश एका ग्रिलवाल्याला घेऊन ओट्याची मापं काढत होता. आईवाचून घर त्यालाही खायला उठत असेल, तिची मोकळी जागा डोळ्यांसमोर नको वाटत असेल. हे सगळं मला कळत होतं, तरी राग यायचा तो आलाच. आतून मेथीची जुडी आणली आणि ओट्याच्या मधोमध, भिंतीला टेकून, अक्का बसायच्या त्याच जागी, त्या माणसाच्या ताणलेल्या टेपवर बसले. खालचा दगड साडीतूनही टोचत होता. रहिमतबीला हाक मारली. ती आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. ग्रिलवाला माझ्या खालून टेप ओढून पाहत होता.

महेश दारात येऊन हळूच म्हणाला, "काकू, आत या की. चहा झालाय."

"भाईर आन," मी म्हणाले. "चार कप."