आगाशे सरांची संमती

श्यामसुंदर आगाशे यांची जीभ कलकत्त्याच्या मराठी घरांमध्ये प्रसिद्ध होती. त्यांचा जन्म बालीगंजचा. तिथूनच ते ट्रामनं कॉलेजात गेले आणि पुढं त्याच कॉलेजात त्यांनी आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवलं. सर कधी मारत नसत, ओरडतही नसत. शांतपणे एखादंच वाक्य बोलायचे आणि समोरचा आठवडाभर मान खाली घालून हिंडायचा.

या वाक्यांचा सगळ्यात मोठा वाटा त्यांच्या मुलाच्या, उन्मेषच्या पदरात पडला.

सरांची चैन म्हणाल तर एकच, गाडी. निवृत्तीच्या वर्षी घेतलेली, दोन दारांची, बुटकी, निळी स्पोर्ट्स कार. रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना पत्नीला, अनुराधाबाईंना, शेजारी बसवून ते फोर्ट विल्यमच्या बाजूनं नदीकाठापर्यंत फेरी मारून यायचे. उन्मेषनं एकदा किल्ली मागितली, तेव्हा घरात पाहुणे बसले होते. सर म्हणाले, "तुझ्या हातात मी छत्रीसुद्धा देत नाही, ती परत येत नाही." पाहुणे खूप हसले. उन्मेषही हसला. त्याची नवी बायको, नूपुर, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

अनुराधाबाई गेल्या आणि पाठोपाठच्या हिवाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. सगळं ऐकू यायचं, कळायचं, मनात वाक्यं पूर्वीइतकीच धारदार तयार व्हायची. पण ओठांपर्यंत येता येता प्रत्येक वाक्याचा एकच शब्द उरायचा. 'बरं.' पाणी हवं असलं तरी बरं, पाठ दुखत असली तरी बरं, समोरच्यानं चालतं व्हावं असं वाटलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द मागं राहतो.

उन्मेष विमा कंपनीत होता. दर वर्षी तो मित्राच्या गाडीत नकाशा धरून मोटार रॅलीला जायचा; स्टिअरिंग कधी वाट्याला आलं नव्हतं. एका संध्याकाळी तो वडिलांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला.

"बाबा, तुमची गाडी नुसती उभी आहे. रॅलीसाठी तयार करू का?"

सरांनी मान जोरजोरात आडवी हलवली. तोंडातून आलं, "बरं. बरं, बरं!"

"बघ," उन्मेष नूपुरला म्हणाला, "तीनदा म्हणाले."

"अरे, पण ते मान हलवताहेत."

"मान त्यांची आता सारखीच हलते."

काम घरामागच्या अंगणात सुरू झालं. वडिलांना बघायला मिळावं म्हणून उन्मेषनं त्यांची चाकांची खुर्ची वरच्या खिडकीत लावून घेतली. आधी आतला गालिचा उपसला, मग त्याखालचे आवाज अडवणारे डांबरी पत्रे. वजन कमी करायचं होतं, त्यामुळे रेडिओ, एसी, दारांची आतली अस्तरं, सगळं निघालं. पुढच्या दोन्ही सीट भंगारवाल्यानं सामान वाहायच्या तीनचाकी व्हॅनरिक्षावर घातल्या. अनुराधाबाईंच्या सीटवर त्याचा माणूस ऐसपैस बसला, बिडी पेटवली आणि व्हॅन गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. सर बघत राहिले.

मग वेल्डर आला. गाडी उलटली तरी आतला माणूस चिरडू नये म्हणून पोटात लोखंडी नळ्यांचा पिंजरा उभा राहिला. स्प्रिंगा उंच झाल्या, खाली दगड लागू नयेत म्हणून जाड पत्रा बसला. डांबरी रस्त्याला बिलगून धावणारी ती गाडी आता लांब पायांच्या जनावरासारखी दिसू लागली.

आणि रोज संध्याकाळी उन्मेष वर यायचा, वडिलांना आपल्या हातानं वरणभात भरवायचा आणि विचारायचा.

"बाबा, उद्या छत कापायचंय. वारा आत यायला झडप बसवायची. चालेल ना?"

"बरं."

"आणि निळा रंग काढून टाकतोय. पांढरा देऊ?"

"बरं." सरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. उन्मेष ते रुमालानं हळुवार टिपायचा. विचारायची काही गरज नव्हती, गाडी केव्हाच त्याची झालेली होती. तरी एकही संध्याकाळ चुकली नाही.

गाडी तयार झाल्यावर एका रविवारी ती मित्राबरोबर पुढं पाठवून तो वडिलांना आणि नूपुरला टॅक्सीनं कलकत्त्याबाहेर बजबजला घेऊन गेला. तिथं बंद पडलेल्या जूट मिलच्या मागं मोठं उजाड मैदान आहे, खड्ड्यांचं आणि खडीचं. नूपुर वाटेत म्हणत होती, "त्यांना नको बसवूस. पाठ सोसणार नाही त्यांची."

"त्यांनाच विचार की," उन्मेष म्हणाला.

त्यानं वडिलांना उचलून डावीकडच्या नव्या, खोलगट सीटमध्ये ठेवलं. खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्टे आवळले. हेल्मेट चढवलं, एकमेकांचं ऐकू यावं म्हणून त्यात माइक आणि स्पीकर होते. नूपुर कुंपणाशी उभी राहिली.

पहिल्याच खड्ड्यात सरांचे दात एकमेकांवर आपटले. लुळा उजवा हात पट्ट्याखालून सुटून दर हादऱ्याला नळीवर आदळू लागला. धूळ, खडीचा मारा, उघड्या पत्र्याचा कानठळ्या बसवणारा आवाज. आणि त्यातून, अगदी कानाजवळ, उन्मेषचा शांत आवाज.

"बाबा, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुम्ही नको म्हणत होतात."

सरांनी त्याच्याकडे वळायचा प्रयत्न केला. पट्ट्यांनी वळू दिलं नाही.

"गाडीची मला एवढी हौस नव्हती. तुम्हाला विचारायची होती. तुमच्या तोंडून हो ऐकायचं होतं, रोज." त्यानं हँडब्रेक खेचला, गाडी गर्रकन फिरली. "अजून एक फेरी मारू?"

"बरं," सर म्हणाले.

थांबल्यावर नूपुर धावत आली. सरांच्या ओठातून रक्त येत होतं आणि पायजमा ओला झाला होता. उन्मेष वाकून आत बघत होता. "लवकर उचलायला हवं त्यांना," तो म्हणाला, "सीट कापडाची आहे."

पुढच्या महिन्यात तो रॅलीसाठी उत्तर बंगालात, चहाच्या मळ्यांकडे गेला. त्याच्या गटात त्याचा दुसरा नंबर आला. कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडला, खाली ओळ होती, 'वडिलांच्या आशीर्वादानं.' अभिनंदनांचा पाऊस पडला.

त्याच दुपारी नूपुर सरांच्या पलंगावर येऊन बसली. तिनं त्यांचा चांगला, डावा हात आपल्या हातात घेतला.

"बाबा, शब्द राहू द्या, मानही राहू द्या. 'नाही' असेल तर हात दाबा. गाडी द्यायची होती का तुम्हाला?"

त्यांनी असा दाबला की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

इतकी साधी युक्ती, आणि हिला इतक्या महिन्यांत सुचली नाही! सरांच्या मनात वाक्य तयार झालं, जुन्या धारेचं, हिच्या वर्मी बसेल असं. ते बाहेर पडू शकत नाही याचं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समाधान वाटलं.

"त्या खिडकीत बसायचं असतं का?"

त्यांनी दाबला.

"उन्मेषच्या हातून जेवायचं असतं?"

हात सैल राहिला. नूपुर चमकली. तिनं पुन्हा विचारलं. हात सैलच.

तिनं त्यांची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मी नागपूरला आईकडे जातेय. परत यायचं नाही असं ठरवलंय. इथं तुमचं सगळं करायला आया सेंटरची बाई येईल, तिला सगळं समजावलंय. पण तुम्ही नाही म्हणालात तर थांबेन. जाऊ?"

घरात हे एकच माणूस त्यांची मान बघत आलं होतं. जरासा दाब पुरला असता. सरांनी बोटं उघडली, तळवा पलंगावर सपाट पसरला आणि तसाच धरून ठेवला. नूपुर त्या हातावर कपाळ टेकून रडली. संध्याकाळच्या आत ती बॅग घेऊन निघून गेली.

दोन दिवसांनी उन्मेष करंडक घेऊन आला. सगळ्या खोल्यांमधून फिरला, कपाट उघडून बघितलं, आयाला विचारलं. मग वडिलांच्या समोर येऊन उभा राहिला. गालावर अजून धुळीचे ओघळ होते.

"तुम्हाला सांगून गेली ती?"

सरांनी काहीच आवाज केला नाही. उन्मेष वाट बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला, आयाच्या हातातली ताटली घेतली आणि भात कालवायला लागला. पहिला घास वाटेतच सांडला.

सरांनी तोंड उघडलं आणि दुसऱ्या घासाची वाट बघितली.