‘आधी नाही’

हिरोशिमाची केइको माझ्याकडे मराठी शिकायला येते. परवा शिकवणी चालू असताना टीव्हीवर आपला प्रतिनिधी जगाला सांगत होता, “सर्वांनीच अण्वस्त्रं नष्ट करावीत. तोवर, आम्ही ती आधी वापरणार नाही.” मला अभिमान वाटला.

केइकोनं हळूच विचारलं, “काका, ‘आधी नाही’ म्हणजे नंतर वापरणार?”

“कुणी आपल्यावर अणुबॉम्ब टाकला, तरच.”

ती म्हणाली, “माझ्या आजीची धाकटी बहीण त्या सकाळी शाळेत गेली होती. ती सापडलीच नाही. तुम्ही नंतर टाकाल, तिथंही शाळा असेल ना?”

शेजारच्या देशातली शहरं मी फक्त नकाशावर पाहिली आहेत. तिथं सकाळी कुणीतरी मुलीची वेणी घालत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

“असेल,” मी म्हणालो. पुढं मला शिकवता आलं नाही.