तानाजीचा नंबर

लालासाहेब सैन्याच्या सिग्नल विभागात, संदेशवहनाच्या कामावर होते. हवालदार म्हणून निवृत्त होऊन रहिमतपूरला परतले, तरी सगळे त्यांना मेजरच म्हणत. साताऱ्यात रविराज यांची घरगुती रुग्णांना ऑक्सिजन सिलिंडर पुरवणारी कंपनी होती. तिचे फोन सांभाळायची नोकरी मेजरांना मिळाली.

सातारा, फलटण, सांगली आणि कवठे महांकाळ अशा शाखा, पण गिऱ्हाइकांसाठी नंबर एकच. तालुक्याचं बटण दाबलं की फोन त्या शाखेत वाजायचा. तिथं कुणी उचलला नाही तर सांगलीला, तिथून साताऱ्याला, आणि सगळ्याच लाइनी बंद असल्या तर त्या भागातल्या ड्रायव्हरच्या मोबाइलवर. ही सगळी वाट मेजरांनी फोन कंपनीच्या यंत्रणेत आखून दिलेली. धाप लागलेल्या माणसाचा फोन नुसता वाजत राहता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

कवठे महांकाळच्या वाटेवरचा शेवटचा नंबर तानाजीचा होता. तानाजी ताटावरूनही उठून फोन घेणारा गडी. मेजरांचा त्याच्यावर भारी जीव. जानेवारीत मिरज रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली आणि तो जागच्या जागी गेला. कंपनीचं सिमकार्ड परत घ्यायला मेजर त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याची बायको दीपमाला म्हणाली, थोडे दिवस राहू द्या. मेजरांना पुढं बोलवेना. साताऱ्याला येऊन ते संगणकासमोर बसले. नव्या ड्रायव्हरचा नंबर घालायचा, तर आधी तानाजीचं नाव पुसायला हवं. त्यांचा हात गेला नाही. इतक्या लांब फोन जातोय कशाला, असं स्वतःला सांगून ते उठले.

एप्रिलात वळवानं झोडपलं. कवठे महांकाळची वीज गेली, सांगलीची केबल तुटली, आणि त्याच दुपारी साताऱ्याच्या ऑफिसातले फोनही बंद पडले. मेजर फोनच्या तारांशी झटत होते. मध्येच त्यांना तानाजीचा नंबर आठवला. आता त्या तालुक्यातला प्रत्येक फोन मेलेल्या माणसाकडं जात होता.

त्यांनी आपल्या मोबाइलवरून तानाजीचा नंबर लावला. तो व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. थोड्या वेळानं पलीकडून धापा टाकत दीपमाला बोलली.

"मेजर, तुमीच का? नाथाजी म्हणून म्हातारं हाय वाडीवर, त्येंच्या मालकिणीचा फोन आलता. मी पळत गोडाऊनला गेले. गाडी गेलीय भरल्या सिलिंडरची."

मेजर खुर्चीत बसले. तिनं सांगितलं की असे फोन मागंही दोनदा आले होते. पत्ता विचारून घ्यायचा आणि गोडाऊनला सांगायचं, हे ती नवऱ्याचं ऐकून शिकली होती. कुणाला बोलली नव्हती, कारण मग फोन काढून नेतील.

म्हातारा त्या दिवशी वाचला. पण गोष्ट रविराजांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत. ती बाई एखाद्या दिवशी शेतात असली, मोबाइल घरात राहिला आणि माणूस दगावला, तर जबाबदार कोण, एवढंच त्यांनी विचारलं. तिला शाखेत फोनवर बसवा, असं मेजरांनी सुचवून पाहिलं. आता सगळे फोन साताऱ्यातूनच घ्यायचं ठरलंय, ड्रायव्हरचा नंबर फक्त अडचणीला, असं रविराज म्हणाले.

मेजर स्वतः कवठे महांकाळला गेले. दीपमालानं चहा ठेवला. तानाजीचा मोबाइल खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला होता. मेजरांनी खाली बघतच सगळं सांगितलं. तिनं उठून मोबाइल चार्जरवरून काढून हातात घेतला.

"ह्यो वाजला की त्येंचं काम अजून चालू हाय असं वाटतं," ती म्हणाली. "बाकी घरात कोण बोलतंय मेजर?"

मग तिनंच सिमकार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. चहा तसाच राहिला.

साताऱ्यात येऊन मेजरांनी तानाजीचा नंबर पुसला आणि तिथं नव्या ड्रायव्हरचा घातला. काम दोन मिनिटांचं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पावसाळ्यात नाथाजींच्या बायकोचा, रंगूबाईंचा, फोन आला. मालक गेले, सिलिंडर घेऊन जावा, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या दिवशीच्या बाईची चौकशी केली. तिच्यामुळं म्हाताऱ्याला लेकीची गाठ पडली होती, ते तिला सांगायचं होतं. मी तिला सांगतो, असं मेजर म्हणाले.

रविवारी ते एस.टी.नं कवठे महांकाळला गेले. घराला कुलूप होतं. दीपमाला इचलकरंजीला शिलाईच्या कारखान्यात लागली, असं शेजारणीनं सांगितलं. तिचा नंबर मात्र कुणाकडंच नव्हता. तिनं स्वतःचा असा फोन कधी घेतलाच नव्हता. मेजर ओट्यावर थोडा वेळ टेकले, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली तसे उठून स्टँडकडं चालू लागले.