स्तूपावरची पिचकारी
एसटीत शेजारच्यानं गुटख्याची पुडी फोडली आणि त्या गोडसर वासानं कराडजवळच्या डोंगरातलं बौद्ध लेणं आठवलं. धापा टाकत चढलेल्या माझ्या मावशीनं तिथल्या गार अंधारात स्तूपावर कपाळ टेकवलं. वर केलं, तर कपाळाला लाल, ओली थुंकी. शेजारी फोटो काढणारा एक जण तोंडातला तोबरा सांभाळत म्हणाला, "आवं मावशी, दगूडच हाय की, पुसा." मी भांडायला पुढं झाले. मावशीनं पदरानं आधी दगड पुसला, मग कपाळ. "हितं शांत ऱ्हायला शिकवलंय गं," म्हणत ती पुन्हा त्याच जागी वाकली. मला हात जोडणंही जमलं नाही. आजही लेणं म्हटलं की बुद्धाआधी तो माणूसच डोळ्यांपुढं येतो, याचीच मला त्या थुंकीपेक्षा जास्त किळस वाटते.