देसारूच्या रस्त्यावरचं पाणी

पुण्यात जन्मून आणि तिथेच शिकून मला सायकल चालवता येत नव्हती, ही गोष्ट सिंगापूरला येईपर्यंत मी कोणाला सांगितली नव्हती. शाळा घराजवळ होती, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. कोणी विचारलंच नाही. नव्वदच्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, हौगांगमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या कारपार्कमध्ये मी ती शिकलो. रविवारी सकाळी तिथल्या गाड्या हललेल्या नसत, त्यामुळे धडकण्याजोग्या वस्तू निदान स्थिर असत. पत्नी कठड्याशी उभी राहून सूचना करी.

"अहो, पडायचंच असेल तर गवतावर पडा. पँट नवी आहे."

शक्य तेव्हा मी तसं केलं.

पुढे ऑफिसातल्या सायकलवाल्यांनी विचारलं, मलेशियातल्या देसारूला येणार का? वुडलँड्सहून खाडीवरचा कॉजवे ओलांडून मलेशियात शिरायचं आणि जोहोरमधल्या पामच्या मळ्यांमधून दिवसभरात समुद्र गाठायचा. मी "नको" म्हणालो. त्यांनी ते मान्य केलं आणि विषय संपवला. मला जायचं होतं, म्हणून दोन दिवसांनी मीच जाऊन, जरा विचार केला, येतो, असं सांगितलं.

इथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्या घरी पहिल्याच विचारण्याला होकार देणं हावरटपणाचं मानलं जाई. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा. ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं सैल ठेवायची. वाढणाऱ्याला त्यातून वाट काढता आली पाहिजे. हे सगळं दोन्ही बाजूंना ठाऊक असावं लागतं, हा मुद्दा माझ्या शिक्षणात राहून गेला होता.

तुकडीची प्रमुख अकाउंट्समधली एक चिनी बाई होती, वयाने माझ्याहून मोठी. मागे पडणाऱ्यांवर लक्ष ठेवायला ती सगळ्यांच्या शेवटी राही. मागे पडणारा मी एकटाच असल्यामुळे आम्हा दोघांची सोबत झाली.

वाटेतल्या कोटा टिंगी गावच्या कॉफीशॉपमध्ये सगळे बाटल्या भरून घेत होते. "तुझीही भरून आणू?" तिने विचारलं.

"नको, आहे."

"ओके," म्हणून ती निघून गेली. बाटलीत तळाशी थोडंसं पाणी होतं. ती परत येऊन विचारील म्हणून मी बसून राहिलो. ती परत आली ती निघायचं सांगायला.

गावानंतर रस्ता मळ्यांत शिरला. सावली मिळेल अशी माझी समजूत होती. परंतु त्या भागातली जुनी झाडं तोडून नवी लावलेली होती, आणि ती माझ्या गुडघ्याएवढी होती. तांबडी माती क्षितिजापर्यंत गेली होती. घर नाही, दुकान नाही, माणूस नाही. माझं पाणी केव्हाच संपलं होतं. बाकीचे पुढच्या चढापलीकडे दिसेनासे झाले, तेव्हा ती माझ्या शेजारी आली.

"पाणी?"

"नको, थँक यू," माझ्या तोंडून गेलं. जीभ टाळूला चिकटलेली असूनही हे शब्द मात्र स्वच्छ उमटले.

"ओके लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि तिने बाटली परत अडकवली. तिला सैल बोटं दिसली नव्हती.

तिने पुन्हा विचारावं म्हणून मी वेग कमी केला. तिनेही केला. मला देखावा पाहायचा असावा, असं तिला वाटलं.

"छान आहे ना?"

"फारच छान," मी म्हणालो.

थोड्या वेळाने मला येणारा घाम थांबला आणि अंगावर काटा आला. अशा उन्हात घाम थांबला तर माणूस कोसळतो, कधीकधी उठतही नाही, असं मी वाचलं होतं. आता दोनच गोष्टी शक्य होत्या, आणि पाणी मागणं ही त्यांतली अधिक अवघड वाटत होती. रस्त्याकडेची पांढरी रेघ दुहेरी दिसू लागली, तेव्हा मी पाय टेकला.

"मला पाणी हवं आहे."

"आत्ताच तर नको म्हणालास!"

"तो पहिला नकार होता."

"पहिला म्हणजे?"

"आमच्याकडे साधारण तीनदा विचारतात."

तिने बाटली काढून पुढे केली. "तू इथे मरायला टेकलास, आणि मी तीनदा विचारू? पाणी? पाणी? पाणी? झालं? घे!"

मी बाटली घेतली, मान मागे केली आणि लहानपणापासूनच्या सवयीने वरून धार धरली. नेम मात्र चुकला. पाणी नाकात गेलं, कॉलरमध्ये गेलं, बरंचसं तांबड्या मातीत गेलं.

"काय करतोस? तोंड लाव!"

"तुमची बाटली उष्टी होईल."

"होऊ दे! तोंड लाव!"

मी बाटलीला तोंड लावलं. दुसऱ्याच्या बाटलीला असं तोंड मी आयुष्यात प्रथमच लावत होतो. पाणी कोमट होतं, त्याला प्लॅस्टिकचा वास होता, आणि ते संपेपर्यंत मी थांबलो नाही. मग भान आलं, आणि रिकामी बाटली पुढे करून मी विचारलं, "तुम्हाला?"

तिच्या सायकलला दुसरी भरलेली बाटली होती. तिने मान हलवून नको म्हटलं. मी आग्रह केला नाही.