रेकॉर्डची दुसरी बाजू

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. चौतीस वर्षं वीज खात्यात काढली. लोकांच्या घरातली दोन-चार ‘भुतं’ तर मी स्वतः लूज कनेक्शन घट्ट करून पळवली आहेत. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण मुलीला सांगता येत नाही, आणि कुणाला तरी सांगायचं आहेच.

हैदराबादला नारायणगुड्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आमचा म्हणजे आता माझा एकट्याचा. माझी बायको सुनंदा, तिला जाऊन अडीच वर्षं झाली. मुलगी पुण्यात असते. ‘बाबा, सामान आवरा आणि इकडे या,’ असा तिने धोशाच लावला होता. शेवटी मी हो म्हटलं. भांडी दिली, कपाट दिलं. राहिल्या सुनंदाच्या रेकॉर्ड्स.

या रेकॉर्ड्सचा आमच्या घरी एक नियम होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, उलटताना माझ्या हातून एकीवर हा एवढा ओरखडा पडला. तेव्हापासून पहिली बाजू मी लावायची, उलटायची मात्र तिनेच! रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात असली, तरी शेवटचं गाणं संपून सुई खरखरायला लागली की पदराला हात पुसत यायची. ‘तुम्ही बसा,’ म्हणायची. ती गेल्यावरही मी रेकॉर्ड लावायचो, पण पहिली बाजू संपली की सुई उचलून ठेवायचो. दुसरी बाजू लावायची माझी हिंमतच झाली नाही.

हल्ली तरुण मंडळींना रेकॉर्ड्सचं वेड लागलंय म्हणे. फोनवर हवं ते गाणं मिळतं, तरी यांना तबकडीच पाहिजे! कुकटपल्लीत राहणारं आयटीतलं एक जोडपं, ईशा आणि रोहन, दोघंही मूळचे मुंबईचे — त्यांना मी सगळ्या रेकॉर्ड्स तशाच द्यायचं कबूल केलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, दोघं रिकामे खोके घेऊन हजर झाले.

‘काका, नेण्याआधी एक लावा ना,’ ईशा म्हणाली.

मी नाट्यगीतांची एक लावली. गप्पा झाल्या, मग चहा टाकायला उठलो. साखरेचा डबा सापडेना, म्हणून दोघंही मदतीला आत आले. तिघंही ओट्यापाशी. घरात चौथं कुणी नाही, दाराला आतून कडी. बाहेर सुई खरखरायला लागली... मग खरखर थांबली. आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं.

‘वॉव काका, ऑटोमॅटिक आहे का हा?’ रोहन म्हणाला.

मी बाहेर आलो. हॉल रिकामा. रेकॉर्ड फिरत होती. हाताने थांबवून पाहिलं — वर दुसऱ्या बाजूचंच लेबल होतं. ‘रेकॉर्ड्स आज राहू द्या,’ मी दोघांना म्हणालो.

पोरं समजूतदार निघाली. काही न विचारता रिकामे खोके घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी प्लेअर ऑटोत घालून नामपल्लीला खलीलभाईंकडे नेला. वर्षानुवर्षं तेच तो दुरुस्त करतात. त्यांनी उघडून पाहिला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

‘ये मशीन खुद से सुई बी नई उठाती साब, रिकार्ड कां से पलटाती? मेरेकू हौला समझे क्या?’ हौला म्हणजे इकडच्या बोलीत खुळा. मग म्हणाले, ‘घर में कौन है आपके साथ?’

‘कोई नहीं.’

‘बैठो. चाय पीके जाओ.’

व्होल्टेज कमी-जास्त झालं तर मोटर हळू फिरेल, बंद पडेल. तबकडी उचलून उलटी होणार नाही, एवढं मला कळतं.

पुण्याला जाणं लांबणीवर टाकलंय. मुलीला गुडघ्याचं निमित्त सांगितलंय. दर रविवारी पहिली बाजू लावतो आणि हॉलमधून हलत नाही. सुई खरखरत राहते, कधी दहा मिनिटं, कधी जास्त. कुणी येत नाही. शेवटी मीच उठतो.

कारण मी आता शोधत नाही. खुपतं ते वेगळंच. अडीच वर्षांनी सुनंदा हॉलमध्ये येऊन गेली, आणि मी तिथे नव्हतो.